कॉलेजं गावात येतात, पण परत येतात का? पाण्याचा ताळेबंद, ॲप आणि आपली विद्यापीठं

शिवारफेरी | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिल शिकवतो, बारा वर्षं झाली. एक गोष्ट बरेच दिवस मनात सलतेय ती इथे मांडतो, कारण इथे शेतकरी आहेत, सरकारी खात्यात आयुष्य काढलेले आहेत आणि शिकणारी पोरंही आहेत.

दोन वर्षांपूर्वी शेवटच्या वर्षाच्या नऊ मुलांना घेऊन आम्ही तासाभराच्या अंतरावरच्या एका गावाचा पाण्याचा ताळेबंद केला. शिवार साधारण एक हजार हेक्टर, त्या वर्षी पाऊस ६२० मिमी. एका हेक्टरवर एक मिमी पाऊस पडला की १० हजार लिटर पाणी होतं, म्हणजे गावाच्या शिवारात ६२० कोटी लिटर पडलं. मुलांनी हा आकडा ग्रामसभेत फळ्यावर लिहिला तशी मागे पारावर बसलेली माणसं उठून पुढे आली, कारण एवढं पाणी पडतं आणि तरी एप्रिलात टँकर लागतो हे कुणी असं समोर मांडलंच नव्हतं. मग वाहून किती गेलं, मातीने किती धरलं, पिकांनी किती ओढलं, सगळं वजा करत आलो. सॅटेलाइटचा नकाशा, जमिनीच्या खोलीचा नकाशा, रंगीत छपाई, मुलांनी मन लावून केलं होतं.

तेवढ्यात एक आजोबा म्हणाले, "सर, हे समदं बरोबर आसंल. पण माझी हीर संक्रांतीला किती खाली जाती आन् शिमग्याला किती, ते तुमच्या कागदात कुठंय?"

नव्हतंच ते. चार महिन्यांत आम्ही एकाही विहिरीत टेप सोडला नव्हता.

जूनमध्ये मुलं पास होऊन पुण्याला गेली, रिपोर्ट लायब्ररीच्या कपाटात गेला आणि पुढच्या बॅचला मी दुसरं गाव दिलं कारण प्रोजेक्टचा विषय नवीन लागतो. गावात त्या रिपोर्टची एक प्रतही नाही. हे माझंच चुकलं असं आज मला स्पष्ट वाटतंय.

असं नाही की आपल्याकडे चांगलं काम झालंच नाही. आयआयटी मुंबईत ग्रामीण तंत्रज्ञानासाठी सितारा नावाचं केंद्र १९८५ पासून आहे, तिथली मुलं दहा-दहा आठवडे गावात राहून काम करतात. २०१६ ला सरकारने उन्नत महाराष्ट्र अभियान काढलं, त्यात जिल्ह्यातल्या कॉलेजांनी पाणी, ऊर्जा, रस्ते अशा प्रश्नांवर प्रशासनासोबत बसावं अशी कल्पना होती. आणि पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, त्यात आयआयटीवाल्यांनी गावाचा ताळेबंद मांडायची पद्धतच बसवून दिली, महसूल मंडळातला पाऊस आणि जमिनीचा नकाशा धरून कुठल्या पिकाला किती पाणी कमी पडणार ते काढायचं. पण आमच्यासारख्या तालुक्याच्या कॉलेजाने नेमकं काय धरून बसावं? एखादी गोष्ट सांगा जी दहा वर्षं करता येईल.

काळीभोर | रविवार, रात्री १०.२५

सर खरं बोललात म्हणून बरं वाटलं. आम्ही जालन्याकडचे, मोसंबी आन् सोयाबीन. आमच्या गावात मी कळता झाल्यापासून पाच सर्वे झाले, दरवेळी घरात माणसं किती, मोटर किती एचपीची, बोअर किती फूट, मोबाईल नंबर द्या, फोटो काढा, झालं. एका कॉलेजचं सात दिवसाचं शिबिर झालं होतं, पोरांनी डोंगरावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे एकाच पातळीतले चर, खोदले, खरंच घाम गाळला पोरांनी, हातावर फोड आले होते, आमच्या आईने हळद लावून दिली होती. पण पुढच्या पावसाळ्यात ते चर गाळाने भरले तेव्हा कोणीच नव्हतं, आन् दोन ठिकाणी चर उताराला तिरपा गेलेला त्याच्यामुळं उलट घळ पडली. दुसऱ्या वर्षी नुसतं बघायला जरी आले असते तरी ती घळ बुजवता आली असती.

आता कडवंची बघा, आमच्याच जिल्ह्यात. नव्वदच्या दशकात तिथं पाणलोटाचं काम झालं, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची माणसं वर्षानुवर्षं तिथं जात राहिली, माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम, मग शेततळी, मग द्राक्ष. लोक त्यांना नावानं ओळखतात. ते एका शिबिरात झालेलं नाही. माझं म्हणणं एवढंच की माहिती नेली तर परत द्या, आन् झालेलं काम टिकलं का ते बघायला या.

पारस | सोमवार, सकाळी ७.१०

मी भूजल खात्यातून निवृत्त झालो, आयुष्य विहिरी बघण्यात गेलं. शिवारफेरी सर, त्या आजोबांनी तुमच्या अख्ख्या अभ्यासाचा गाभा एका वाक्यात सांगितला.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसॉल्टवर, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेल्या काळ्या खडकावर आहे. लोकांना वाटतं जमिनीखाली तळं आहे. तसं नसतं. वर माती, खाली मुरूम, मग झिजलेला खडक, त्याच्या खाली काळा कठीण पाषाण, आणि पाणी असतं ते मुरमात आणि भेगांत. या खडकात पाणी धरायची जागा फार थोडी, ढोबळमानाने खडकाच्या घनफळाच्या २ टक्के धरतात, कुठे एक कुठे तीन. आता हिशोब करा. सरांच्या एक हजार हेक्टर शिवारात पाण्याची पातळी सगळीकडे १ मीटर खाली गेली तर किती पाणी निघालं? २० कोटी लिटर. ऐकायला मोठं वाटतं ना? गव्हाला विहिरीतून ३०० मिमी पाणी द्यायचं म्हटलं तर एका हेक्टरला ३० लाख लिटर लागतं. म्हणजे सगळ्या गावाची पातळी एक मीटर खाली नेऊन जेमतेम ६६ हेक्टर गहू होतो. तेच हरभऱ्याला दोन पाणी, मिळून १५० मिमी धरा, १३३ हेक्टर होतो.

हा हिशोब हस्त संपला की कोजागरीच्या आसपास गावासमोर ठेवला तर त्याचा उपयोग, कारण पेरणी व्हायचीय. तुमच्या पोरांचा रिपोर्ट एप्रिल-मेमध्ये येतो कारण परीक्षा तेव्हा असते. तोवर गहू कापून झालेला असतो! विद्यापीठाचं कॅलेंडर आणि शिवाराचं कॅलेंडर जुळत नाही हे मूळ दुखणं आहे आणि यावर कुणी बोलत नाही.

हिवरे बाजारात पोपटराव पवारांनी काय वेगळं केलं? पाऊस मोजला, विहिरी मोजल्या, ग्रामसभेत मांडलं आणि पाऊस कमी असेल त्या वर्षी जास्त पाण्याची पिकं घ्यायची नाहीत हे ठरवलं. शेतीसाठी बोअर बंद. यंत्र म्हणाल तर पर्जन्यमापक आणि टेप.

अनघा_पुणे | सोमवार, दुपारी १.०५

पारसकाका, नमस्कार. मी रिमोट सेन्सिंगमध्ये पीएचडी करतेय, विषय रब्बीची पिकं उपग्रहावरून ओळखणं. तुम्ही म्हणता ते पटतं पण मला तंत्रज्ञानाची बाजू पण मांडायचीय, कारण ते नको असं म्हणून चालणार नाही.

सेंटिनेल-२ नावाच्या युरोपियन उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी एक, १० मीटरचा एक ठिपका. वीस गुंठ्यांच्या तुकड्यात असे वीस ठिपके बसतात, त्यातले कडेचे बांधाला आणि शेजारच्या रानाला लागून असल्याने भेसळीचे, म्हणजे खात्रीचे जेमतेम सहा उरतात. तरी डिसेंबरमध्ये गावात किती क्षेत्र हिरवं आहे हे घरबसल्या समजतं आणि ते सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीशी ताडून बघता येतं. खरिपात ढग असतात तेव्हा रडारचा उपग्रह ढगातून बघतो. दहा वर्षांमागे हे आमच्यासारख्या विद्यार्थ्याला स्वप्न होतं.

पण माझा अनुभव सांगते. मागच्या वर्षी मी लॅपटॉपवर एका गावात ओढ्याकाठची मोठी पट्टी गहू म्हणून रंगवली होती, आकडेवारीत चाचणी पण छान पास झाली. मग गाडी काढून गेले तर ते गाईंसाठी लावलेलं लसूणघास होतं. गव्हाचं पाणी फेब्रुवारीत बंद होतं, लसूणघासाला वर्षभर चालू असतं, म्हणजे ताळेबंद सपशेल चुकला असता. तिथल्या एका काकूंनी मला बांधावर उभं राहून दहा मिनिटांत सांगितलं की इकडं घास, तिकडं कांद्याचं बी, पलीकडं पडीक. ती दहा मिनिटं माझ्या सहा महिन्यांना पुरून उरली. तेव्हापासून मी नकाशा छापून घेऊन जाते आणि काकूंच्या हातात पेन देते.

सर, तुमच्या कॉलेजला हे जमेल. उपग्रहाचं काम आमच्यासारखे पुण्यात बसून करतील, पण शिवारात जाऊन पडताळणारी मुलं तालुक्यातलीच हवीत आणि तीच माहिती सगळ्यात महाग आहे.

चंदू_परळी | सोमवार, संध्याकाळी ६.३०

सोलर पंपाबद्दल कुणी बोलेल का? आमच्या भावकीत तिघांना आलाय, ५ एचपी. रात्री अकराला लाईट येणार म्हणून रानात जायचं, साप-विंचू, थंडी, ते सगळं संपलं, घरच्या बायका पण म्हणतात जीवाला घोर नाही आता. त्यामुळं सोलरला नावं ठेवू नका. पण मला एक भीती वाटते. आधी लाईट आठ तास, त्यात पण जाणार, म्हणून उपसा आपोआप कमी राहायचा. आता सूर्य उगवला की चालू आणि बिल नाही. शेजारच्याच्या बोअरला चालू झालं की माझ्या विहिरीचा झरा तुटतो. हे कसं आवरायचं?

पारस | सोमवार, रात्री ८.१५

चंदूभाऊ, भीती रास्त आहे. सोलर पंप हवेतच, पण पंपासोबत पाण्याचा हिशोब आला नाही तर स्वच्छ ऊर्जेने जमीन कोरडी करू.

अजून एक सांगतो, शेततळ्याचं. पाऊस पडून वाहणारं पाणी तळ्यात आलं तर उत्तम. पण प्लास्टिक टाकलेलं तळं बऱ्याच ठिकाणी पावसाळ्यात विहिरीतून उपसून भरतात. जमिनीतलं सगळ्यांचं पाणी वर काढून एकाच्या तळ्यात, आणि वर ऊन. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यावरून मे महिन्यात दिवसाला १० मिमी उडालं तरी रोज ९ हजार लिटर हवेत जातं. फळबाग जगवायला शेतकरी हे करतो, त्याला दोष देत नाही, त्याच्यापुढे दुसरा रस्ता नसतो. पण कुठल्या गावात किती तळी कशातून भरली जातात याची मोजणी एखाद्या कॉलेजाने केली तर ते सोन्याहून मोलाचं काम.

लिंकनकर | मंगळवार, सकाळी ५.५०

मी नेब्रास्कात लिंकनला असतो, मूळचा बार्शीचा. इथला अनुभव सांगतो कारण इकडेही प्रश्न पाण्याच्या उपशाचाच आहे, ओगालाला नावाचा प्रचंड भूजलसाठा आणि त्यावर मक्याची शेती.

अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने राज्यांना जमिनी देऊन शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी विद्यापीठं काढायला लावली, आणि १९१४ च्या कायद्याने त्या विद्यापीठांचा माणूस प्रत्येक काउंटीत, म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारख्या भागात, बसवायची सोय केली. त्याला एक्स्टेंशन म्हणतात. तो माणूस प्रोजेक्ट संपला म्हणून जात नाही, ती त्याची नोकरीच असते. आपली कृषी विद्यापीठं, १९६० चं पंतनगर, मग राहुरी, अकोला, परभणी, दापोली, याच धर्तीवर काढली गेली. शिक्षण, संशोधन, विस्तार अशी तिन्ही अंगं कागदावर आहेत, पण विस्ताराचा पाय आपल्याकडे कायम लंगडा राहिला. सिव्हिल किंवा कॉम्प्युटरच्या कॉलेजांना तर तो पाय दिलाच नाही.

दुसरी गोष्ट, नेब्रास्कात १९७२ पासून नदीखोऱ्यांप्रमाणे नैसर्गिक संसाधन जिल्हे आहेत, त्यांचं मंडळ लोक निवडून देतात. काही जिल्ह्यांत शेतीच्या पंपावर मीटर सक्तीचे आहेत आणि अमुक वर्षांत एकराला इतके इंच पाणी असा कोटा ठरतो. विद्यापीठ मोजायला आणि समजवायला मदत करतं, पण निर्णय शेतकऱ्यांनी निवडलेलं मंडळ घेतं. माझ्या शेजारच्या मक्यावाल्याला कोटा आवडत नाही, तरी आकड्यावर तो भांडत नाही, कारण मीटर त्याच्याच पंपावर आहे आणि तो स्वतः वाचतो.

रानजाई | मंगळवार, रात्री ९.२०

मी अटल भूजल योजनेत गावात काम केलंय, विहिरी मोजायचं. थोडं लिहिते.

टेप कसा सोडायचा ते आधी. विहिरीच्या कठड्यावर एका जागी ऑइलपेंटने खूण करायची, दर वेळी तिथूनच मोजायचं. टेपच्या टोकाला जड नट बांधायचा, पाण्याला लागला की बुडबुड आवाज येतो आणि हाताला ढील लागते. मोटर चालू असेल तर मोजायचं नाही, बंद करून निदान रात्रभर थांबायचं, म्हणून आम्ही पहाटे जायचो. सुरुवातीला माणसं हसायची, बाई विहिरीत वाकून काय बघती. दुसऱ्या वर्षी तेच विचारायला लागले, ताई यंदा किती?

वहीत मी तीन खाने केले होते. तारीख, कठड्यापासून पाणी किती मीटर, आणि तिसऱ्यात काय दिसलं ते. शेजारी नवीन बोअर पडली, ओढा कधी आटला, हापशाला किती टोले मारले की पाणी येतं. हा तिसरा खाना ॲपमध्ये नव्हता, ॲपमध्ये नुसता आकडा आणि फोटो. पण ग्रामसभेत भांडण मिटलं ते तिसऱ्या खान्यामुळं, कारण पाणी कधी तुटलं आणि बोअर कधी पडली दोन्ही तारखा एकाच पानावर होत्या.

आणि एक मनापासून सांगते. ताळेबंदात पिण्याचं पाणी सगळ्यात शेवटी लिहितात कारण आकडा छोटा असतो. दोन हजार वस्तीला माणशी ५५ लिटर धरलं तर वर्षाला चार कोटी लिटर. पारसकाकांच्या हिशोबाने ते तेरा-चौदा हेक्टर गव्हाएवढं. तेवढं पाणी आधी बाजूला ठेवा आणि मग पिकांचं बोला, असं आम्ही बायकांनी उभं राहून म्हटलं तेव्हा पहिल्यांदा ते कागदावर वर गेलं. कॉलेजने गावात येताना मुली आणाव्यात, बायका त्यांच्याशी मोकळ्या बोलतात.

टीवाय_सिव्हिल | मंगळवार, रात्री ११.४५

मी विद्यार्थी आहे. आम्हाला पण परत जायचं असतं हो, खरंच. पण सेमिस्टर चार-पाच महिन्यांचं, त्यात इंटर्नल, सबमिशन, प्लेसमेंट. नवीन शैक्षणिक धोरणात आता फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत, पण ते पण एकाच सेमचे, पुढच्या सेमला विषय बदलतो. आम्ही ज्या गावात गेलो होतो तिथल्या एका मुलाने मला दिवाळीत मेसेज केला की दादा आमच्या पर्जन्यमापकाचं काय करायचं, डबा फुटलाय. मी तेव्हा परीक्षेत होतो आणि उत्तरच दिलं नाही. आता वाटतं एका मिनिटात सांगता आलं असतं, आत पाणी मोजायची काचेची नळी शाबूत असेल तर फुटलेल्या डब्याएवढ्याच तोंडाचा नवा डबा बसव.

शिवारफेरी | बुधवार, रात्री ८.३०

सगळ्यांचे आभार. आज विभागप्रमुखांशी बोललो आणि जे मनात पक्कं झालं ते लिहितो.

मी त्याच गावात परत जाणार आहे, नवीन गाव नाही. दहा विहिरी निवडायच्या, माथ्याला तीन, मध्ये चार, ओढ्याकाठी तीन. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजणी. सेकंड इयरच्या चार मुलांना जोडीला थर्ड इयरचे दोन, म्हणजे दरवर्षी जुने जातील आणि रस्ता माहीत असलेले मागे राहतील. प्रोजेक्टचा विषय दरवर्षी वेगळा देता येईल, एका बॅचला चर आणि बंधाऱ्यांची पाहणी, एकीला चंदूभाऊंचा सोलर उपसा, एकीला काकांची शेततळी, पण वही एकच. ती वही ग्रामपंचायतीत राहील, आम्ही फोटो काढून आणू. अनघा, तुमचा रब्बीचा नकाशा डिसेंबरला मिळाला तर मुलं शिवारात पडताळून पाठवतील.

आणि कोजागरीच्या आत हिशोब ग्रामसभेत, त्यासाठी मला सेमिस्टरच्या मध्ये मुलांना चार दिवस सोडवून घ्यावं लागेल, ते मी बघतो. राहुरीच्या विद्यापीठाचं फुले इरिगेशन शेड्युलर ॲप आहे, रानाची माती आणि पीक टाकलं की पाणी कधी आणि किती ते सांगतं, ते दोन-तीन शेतकऱ्यांच्या रानात घालून बघायचं आहे. पण आधी विहिरी.

टीवाय, तू आमच्या कॉलेजचा नसशील तरी त्या मुलाला आज उत्तर दे. उशीर झालाय असं समजू नकोस.

काळीभोर | बुधवार, रात्री ९.०५

सर आमचं गाव तुमच्या रस्त्यावर असलं तर दहातली एक विहीर आमची धरा, नाहीतर अकरावी धरा. सात परस, म्हणजे सात पुरुष खोल आहे, आजानं खांदलेली. मोटर आदल्या रात्री बंद ठेवीन. रानजाई ताई, खूण कुठं करू? दक्षिणेचा कठडा मागच्या पावसात ढासळलाय.

रानजाई | बुधवार, रात्री ९.१८

दादा मग उत्तरेकडे करा, जिथे बांधकाम पक्कं असेल तिथे, आणि कठडा जमिनीपासून किती उंच आहे तेही वहीच्या पहिल्या पानावर लिहा, नाहीतर उद्या कठडा नवीन बांधला की मागचे सगळे आकडे जुळवता येणार नाहीत. नट पितळी घ्या, लोखंडी गंजतो.